एक जूनवाले

"आज माज्या बाबल्याचा वाढदीस, नि तुजा पन. पोटभर जेव," म्हणत काशीने संदेशच्या ताटात तांदळाच्या शेवया, शिरवाळ्या, वाढल्या आणि वरून नारळाचा गोड रस घातला.

खेडच्या एसटी आगारात टायर बदलणारा संदेश दर एक जूनला रजा टाकून मित्राच्या आईकडे येई. वाढदिवस म्हणाल, तर तो दोघांचाही खरा नव्हे. गावात जन्मतारखा लिहून ठेवतो कोण? पहिलीत नावे घालताना आप्पा गुरुजींनी सरसकट एक जून ठोकून दिला होता. पुढे हायस्कूलची बेसबॉलची टीम रत्नागिरीला स्पर्धेला गेली, तेव्हा फॉर्म तपासणारे साहेब चष्मा काढून म्हणाले होते, "नऊच्या नऊ एकाच दिवशी? सुइणी किती होत्या रे गावात?" तेव्हापासून ही पोरे सगळ्यांसाठी 'एक जूनवाले' झाली. बाबल्या पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; संदेश कॅचर, तो झेलणारा.

दुसऱ्या वर्षी सरावात चेंडू जगबुडी नदीत गेला आणि तो आणायला उतरलेला बाबल्या वर आलाच नाही. चेंडू त्यानेच वाकडा टाकला होता, असे संदेशने सांगितले. सगळ्यांनी मानले, काशीनेही. "माज्या पोराचा हात वाकडा, त्यानंच त्याला नेलान," असे ती तेवीस वर्षे आल्यागेल्याला सांगत होती.

आगारात हातातून टायर सुटून गडगडला, की कोणीतरी पाठीमागे उभे आहे असे संदेशला वाटे. भिजलेल्या कपड्यांचा वास येई. वळून पाहायची त्याची छाती होत नसे. आज काशीच्या अंगणात पाऊल टाकतानाच तो वास आला होता, आणि आता ताटावरही येत होता.

"काकी, बॉल वाकडा नव्हता."

"कंचा बॉल?"

"शेवटचा. बाबल्यानं सरळ टाकलान होता. माज्या हातातून सुटला. वर मीच त्याला बोललो, तू वाकडा टाकलास, तूच आन."

संदेशने मान खाली घातली. तिने शिव्या घातल्या असत्या, ताट भिरकावले असते, तरी त्याला चालले असते. इतकी वर्षे तो त्याचीच वाट पाहत होता.

"सरळ होता?" काशीने विचारले.

"अगदी छातीवर."

"खरा बोलतोस?"

"खरा, काकी."

काशीचा चेहरा असा उजळला, की संदेशला तो बघवेना. ती तशीच खरकट्या हातांनी बाहेर धावली.

"अगो चिमा! भायेर ये गो! माज्या बाबल्याचा हात वाकडा नव्हता! बॉल सरळ टाकलान होता त्यानं! ह्यो संदेश सांगतोय!"

शेजारची चिमा काय म्हणाली ते ऐकू आले नाही. काशीचा आवाज मात्र एकेक अंगण ओलांडत वाडीभर पुढे जात राहिला. सरळ होता, सरळ होता.

संदेश ताटावर बसून राहिला. मग तू का नाही गेलास, हे विचारायचे तिला अजून सुचले नव्हते.