पंधरातला एक

माझा भिडू मूर्ख आहे, असं मी रोज सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान सात-आठ वेळा तरी म्हणतो. मोठ्याने म्हणतो. घरात ऐकायला कोणी नाही आणि भिडूला कान नाहीत. तो कॉम्प्युटरमधला रोबो आहे. समोरच्या खुर्चीच्या चित्राखाली त्याचं नाव येतं, 'रोबो', आणि माझ्या डावी-उजवीकडे त्याचेच दोन भाऊ प्रतिस्पर्धी म्हणून बसतात.

ब्रिज ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चौघे खेळतात, समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. पत्ते खेळण्याआधी बोली होते. आपल्या हातात काय आहे ते भिडूला दाखवायचं नसतं, बोलीतून कळवायचं असतं. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. मी 'एक नो ट्रम्प', म्हणजे बिनहुकमाची बोली, म्हटलं की त्याचा अर्थ, माझ्याकडे पंधरा ते सतरा गुण आहेत. भिडूने त्यावर विश्वास ठेवायचा आणि त्यात आपले गुण मिळवायचे. बेरीज पंचवीसच्या घरात गेली की त्याने सरळ 'तीन' म्हणायचं, म्हणजे तेरापैकी नऊ हात करण्याची हमी द्यायची. त्याला मोठं बक्षीस असतं. थोडं कमी वाटलं तर 'दोन' म्हणून विचारायचं, जमेल का? माझे जेमतेम असले तर मी तिथेच थांबायचं.

रोबोला हे सगळं पाठ आहे, अक्कल तेवढी नाही. तो 'चार नो ट्रम्प' म्हणून विचारतो, तुझ्याकडे एक्के किती? मी सांगतो, एक. त्याच्याकडेही एकच असतो. म्हणजे दोन एक्के शत्रूकडे. आता थांबावं की नाही? तो अकरा सेकंद विचार करतो आणि सहावर जातो, म्हणजे तेरापैकी बारा हातांची हमी देतो. शत्रू पहिल्या दोन हातांत दोन्ही एक्के वाजवतो आणि डाव संपतो. डॉक्टरांना विचारायचं, साखर चालेल का, ते नाही म्हणाले की 'आभारी आहे' म्हणायचं आणि चहात तीन चमचे टाकायचे, अशातला प्रकार.

मी आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली. चूक दिसली की समासात खूण केल्याशिवाय माझा हात शांत बसत नाही. म्हणून रोबोच्या चुकांची एक वही केली. महिन्याभरात एक्केचाळीस चुका झाल्या. त्या नीट क्रमाने मांडून कंपनीला कळवाव्या असं ठरवलं. पण कळवण्याआधी पुन्हा एकदा ताडून पाहावं म्हटलं. मला माझ्याच तपासण्याची कधी खात्री वाटत नाही.

त्या खेळात एक सोय आहे. कोणत्याही बोलीवर बोट ठेवलं की तिचा अर्थ चौकटीत दिसतो. रोबोच्या बोल्यांवर मी शेकडो वेळा बोट ठेवलं होतं, स्वतःच्या बोलीवर कधी नाही. त्या दिवशी ठेवलं. 'एक नो ट्रम्प: पंधरा ते सतरा गुण.' मग माझ्या पत्त्यांचे गुण मोजले. चौदा. पुढचा डाव काढला. चौदा. त्याच्या पुढचा, तोही चौदा. पत्ते देखणे होते हे खरं, दश्श्या-नव्व्या भरगच्च होत्या, पण गुण चौदाच. एक्केचाळीसपैकी तेवीस डावांत रोबोने केलं होतं ते एवढंच की माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मी कॉम्प्युटर बंद केला. आणि मग मला भावोजींना लिहिलेलं पत्र आठवलं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जमीन-मोजणी खात्यात होते. तीस वर्षं दर गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही दोघं भिडू म्हणून बसलो. मी लग्न केलं नाही. आठवड्यात माणसांशी जे काही बोलणं व्हायचं ते बरंचसं त्या टेबलावरच. दोन वर्षांपूर्वी आम्ही डाव हरायला लागलो. मला वाटलं, भावोजींचं वय झालं. तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून वर्षभरातल्या त्यांच्या एकोणीस चुका तारखांसकट लिहिल्या आणि बारा मिनिटांच्या अंतरावरच्या घरी पोस्टाने पाठवल्या. त्यात माझ्या मते मायाच होती. पुढच्या गुरुवारी भावोजी आले नाहीत. गुडघा दुखतो, असा ताईचा फोन आला. तो गुडघा दोन वर्षं दुखतो आहे.

पत्राचा कच्चा खर्डा माझ्याकडे होता. काढून वाचला. एकोणिसांपैकी सात चुका एकाच जातीच्या होत्या: 'मी एक नो ट्रम्प म्हटले. आपल्याकडे दहा गुण असूनही आपण दोनवर थांबलात. येथे आपण भ्यालात.'

मंगळवारी चार वाजता मी ताईकडे गेलो. वार्षिक जोडी स्पर्धेची नावं शनिवारपर्यंत द्यायची होती. भावोजी अठ्ठ्याहत्तरचे, मी चौऱ्याहत्तरचा. आणखी किती स्पर्धा उरल्या होत्या? मला ते समोर हवे होते.

ताईने दार उघडलं. "अगंबाई! वाट चुकलास की काय? ये. चपला काढ, मोजे राहू देत, फरशी गार आहे."

"भावोजी आहेत?"

"जातात कुठे? त्या पाटीत तोंड खुपसून बसलेत. म्हातारपणी सवत आणलीय मला, तीही बिनतोंडाची."

भावोजी खिडकीशी टॅब्लेट घेऊन बसले होते. वर न बघताच म्हणाले, "कोण, शालकसाहेब? पोस्टमन आजारी पडला वाटतं. स्वतः आलात."

रस्त्याने मी चार वाक्यं जुळवत आलो होतो. तिसरंच आधी बाहेर पडलं. "माझे चौदा असायचे."

"काय?"

"पंधरा म्हणायचो. असायचे चौदा. आता यंत्राबरोबर खेळताना कळलं."

त्यांनी टॅब्लेट मांडीवर पालथा घातला, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तीस वर्षांनी?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, मी जन्मभर जमिनी मोजल्या. मालक म्हणतो कुंपणापर्यंत माझं. मग कुंपण किती सरकवलंय तेवढं बघायचं, हाच माझा धंदा. तुझ्या पंधरातला एक मी पहिल्याच वर्षी वजा करायला लागलो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय? तू आठ दिवस जेवला नसतास. आणि ही म्हणाली असती, माझ्या भावाला काय बोललात!"

"म्हणालेच असते," ताई आतून म्हणाली.

"एक गुण तो काय, वजा केला की झालं. मी दोनवर थांबायचो, आपण वाचायचो. तू म्हणायचास, नशीब चांगलं. मी म्हणायचो, हो, चांगलं."

"आणि कधी नऊ हात झालेच तर..."

"ते तू लिहून ठेवलेस. तारखांसकट." ते हसले. हसणं तसं चांगलं होतं, पण माझ्याकडे बघून नव्हतं. "'येथे आपण भ्यालात.' भ्यालात! हिने विचारलं, काय लिहितोय हो माझा भाऊ? मी सांगितलं, गुडघ्यावर औषध कळवलंय."

"बाकीच्या बारा चुका मात्र..." हे माझ्या तोंडून गेलं आणि मला जीभ चावावीशी वाटली.

"बाकीच्या बारा माझ्या," भावोजी शांतपणे म्हणाले. "त्याबद्दल कुठे काय म्हटलं मी?"

मग म्हणालो, "चुकलो मी, भावोजी."

"हं."

"शनिवारपर्यंत नावं द्यायची आहेत. जोडीने."

ताई चहाचे कप घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. "अहो, हो म्हणा की. तेवढंच घराबाहेर पडाल. पायांना गंज चढलाय."

"मी नाही कुठे म्हणतोय? दोन-चार डाव खेळू आधी. मग बघू."

मी फोन काढला. त्यांनी टॅब्लेटवर टेबल मांडलं, त्यांच्या समोरच्या जागी मी शिरलो, बाजूच्या दोन जागांवर रोबो होतेच. प्रत्यक्षातही आम्ही समोरासमोर बसलो होतो, मध्ये ताईचं जेवणाचं टेबल. त्यांचा खोकला, बोटं आपटायची सवय, सगळं तसंच होतं. पहिले दोन डाव साधे गेले. तिसऱ्यात त्यांनी असा एक्का दाबून ठेवला की शत्रूचे तीन हात मेले. मी "वा!" म्हणालो. ते म्हणाले, "भ्यालो नाही ना?" ताई हसली. मीही हसलो. मला वाटलं, जमलं. शनिवारपर्यंत कशाला थांबा, उद्या सकाळीच जाऊन नावं देऊन यावी.

चौथा डाव. माझ्याकडे पत्ते आले. मी गुण मोजले. पंधरा. पुन्हा मोजले. इस्पिकचा एक्का, बदामचा राजा आणि राणी... तिसऱ्यांदा मोजले. पंधराच. इतक्या वर्षांत एवढ्या स्वच्छ मनाने मी ती बोली कधी केली नव्हती. मी 'एक नो ट्रम्प' दाबलं.

रोबो पास.

भावोजी चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मी चेहरा शक्य तितका कोरा ठेवला. भिडूला चेहऱ्याने काही सांगणं म्हणजे लबाडी. त्यांचं बोट पडद्यावर अधांतरी राहिलं, एकदा पुढे सरकलं, मागे आलं, आणि मग दाबलं गेलं.

'दोन.'

म्हणजे ते विचारत होते, जमेल का? माझे जेमतेम पंधरा. जेमतेम असले तर थांबायचं असा नियम. नियम मोडून पुढे गेलो असतो तर पुन्हा मीच फुगवून बोललो असतो. मी पास म्हटलं.

डाव मी खेळायचा होता, म्हणून नियमाप्रमाणे त्यांचे पत्ते पडद्यावर उघडे झाले. दहा गुण होते.

नऊ हात झाले. ओढाताण न करता झाले. शेवटचे पत्ते तर मी कसेही टाकले. तीन म्हटलं असतं तर मोठं बक्षीस होतं. एकाही शब्दाने मी ते बोललो नाही.

"किती होते?" भावोजींनी विचारलं.

"पंधरा."

"दाखव."

मी फोन त्यांच्याकडे फिरवला. झालेला डाव पुन्हा बघता येतो. त्यांनी नख टेकवत एकेक चित्र मोजलं. "पंधरा," ते म्हणाले. "खरंच पंधरा."

"होईल सवय," मी म्हणालो. "थोडे दिवस लागतील."

"मला माहीत होतं रे, आज तू खरंच बोलणार. माफी मागायला आलेला माणूस चोख मोजतो. मनाशी म्हटलंसुद्धा, तीन म्हण. तरी बोट दोनवरच गेलं."

"आणखी एक डाव खेळू."

"नको."

"भावोजी, एकच..."

"ऐक. तीस वर्षांची वजाबाकी आहे ही. या वयात माझ्याकडून नाही सुटायची. तू खरं बोलशील, मी एक काढून घेईन, डाव हुकेल. तुला राग येईल. तू गिळशील. आत्ता गिळलास तसा." त्यांनी कप उचलला, चहा निवला होता, परत ठेवला. "पत्र परवडलं. हे तुझं गिळणं मला बघवत नाही."

"रोबो काय कमी चुकतो?" माझा आवाज चिरका झाला. "दोन एक्के बाहेर असताना सहावर जातो!"

"जातो ना! कालच गेला. गाढव आहे शुद्ध. पण त्याच्या बोलीतून मला काही काढावं लागत नाही. तो पंधरा म्हणतो, मी पंधरा धरतो. तुला नाही कळायचं, किती हलकं वाटतं ते."

ताई म्हणाली, "तुम्ही दोघं पत्त्यांवरून असे..." आणि निवलेल्या चहाचे कप घेऊन आत गेली.

मी फोन बंद केला. खेळातून माणूस उठला की त्याची जागा रिकामी राहत नाही, अशी त्यांची व्यवस्था आहे. उठता उठता मला भावोजींचा टॅब्लेट दिसला. माझं नाव फिकट झालं, पुसलं गेलं, आणि तिथे 'रोबो' आलं. पुढचा डाव वाटला गेला. भावोजींनी चष्मा नाकावर घेतला. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो, निरोप घ्यावा म्हणून. पण ते पत्ते लावण्यात होते, म्हणून थांबलो. त्यांच्याकडे दहा गुण होते. मी न मोजताच बघितलं, डोळ्यांना तेवढी सवय आहे.

रोबो म्हणाला, 'एक नो ट्रम्प.'

भावोजींनी क्षणही न घालवता 'तीन' दाबलं.

रोबोने तो डाव वाईट खेळला. राणी पकडायला चुकीच्या बाजूने गेला आणि एक हात कमी पडला. कोणता पत्ता हवा होता ते मला दिसत होतं. दात घट्ट मिटून मी उभा होतो.

भावोजी खुर्चीत मागे टेकले. "असू दे रे," ते पडद्याला म्हणाले, "असू दे. चल, पुढचा."