पहिला इंच नसलेली टेप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी ऐकवणारी नव्हे. ती ऐट माझ्या नशिबी नव्हती. मी शिवणकामातली टेप, कपडे शिवणाऱ्यांच्या गळ्यात लोंबणारी. पुढे तुम्हाला फसवल्यासारखे वाटू नये म्हणून एक गोष्ट आधीच कबूल करते. मी खोटे बोलते. फार नाही, एकच इंच. त्या एका इंचापायी माझ्या डोळ्यांदेखत एक मुलगी मरता मरता वाचली, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. कापडाच्या पट्टीवर पिवळा रंग चढवला, त्यावर काळे आकडे छापले, दोन्ही टोकांना पितळी पत्रे ठोकले आणि मी तयार झाले. साठ इंच, सुताइतकाही फरक नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला लोखंडी पट्टीला लावून पाहिले आणि "चोख आहे" असे म्हणून खोक्यात टाकले. त्या एका शब्दावर मी कितीतरी वर्षे मिरवले.

मग मी मावशीच्या गळ्यात आले. तिची मुलगी सोडून सगळी गल्ली तिला मावशीच म्हणे, तिच्याहून दहा वर्षांनी थोरल्या बायकासुद्धा. मावशीचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि महिन्यातून चार दिवस घरी असायचा. घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीला टेकवलेला आरसा, कापडांचे गठ्ठे आणि खुंटीला सुतळीने बांधलेली मापांची वही. सगळ्या गल्लीचे दंड, खांदे आणि कंबरा त्या वहीत नांदत होत्या.

माप देताना माणूस हटकून श्वास ओढून धरतो. दारात पाऊल टाकताना ज्या बाईचे पोट दोन पावले पुढे असते, तीसुद्धा मी भोवती आले की काठीसारखी ताठ होते. मावशी माझ्याखाली आपली दोन बोटे सरकवायची आणि म्हणायची, "सोडा हो श्वास. टेपला फसवाल, कपड्याला कसं फसवाल?" बाई हसायची, श्वास सुटायचा आणि खरे माप मिळायचे. आम्हा दोघींचे नाव होते ते यासाठी.

मावशीची मुलगी म्हणजे गुंडी. रांगत होती तेव्हापासून तिचे खेळणे एकच, आईच्या डब्यातल्या गुंड्या. म्हणून ते नाव पडले. मोठ्या गुंडीत दोरा ओवून ती भिंगरी करायची आणि दिवसभर भुर्र भुर्र वाजवत बसायची. "कान किटले गं बाई," मावशी ओरडायची, पण दोरा तुटला की नवा तीच काढून द्यायची. गुंडी गोल गालांची, दणकून जेवणारी, हसली की शेजारच्या घरात ऐकू जाईल अशी. मावशीने तिला शिवणयंत्राला कधी हात लावू दिला नाही. "तू पुस्तकं धर. माझी मान गेली यात, तुझी नको जायला." त्यामुळे शिवणाऱ्याच्या घरात वाढूनही त्या पोरीला आमच्या कामातले ओ की ठो कळत नव्हते.

माझा इंच गेला तो गुंडी सहावीत असताना. मावशी घाईत कापड बेतत होती आणि मी कापडाखाली सापडले. कात्रीने एका दमात कापड कापले आणि माझा पहिला इंचही, पितळी पत्र्यासकट. मावशीने जीभ चावली. दुसरी एखादी बाई असती तर तिने नवी टेप आणली असती. पण हाताला बसलेली वस्तू सुटत नाही. तिने माझ्या तुटक्या टोकाला काजाची शिलाई घातली आणि हिशेब सोपा केला. मी बावीस दाखवले की ती एकवीस लिहायची. माझ्या मागच्या बाजूचे आकडे घासून घासून कधीच पुसले होते. आता पुढची बाजूही एक इंच खोटी झाली. हे फक्त मावशीला ठाऊक होते आणि मला. कुणाला सांगायची वेळच आली नाही. माप घेणारा शेवटचा आकडा बघतो, सुरुवात कोण बघतो?

गुंडी नववीत गेली त्या वर्षी मावशीला जाहिरातीचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओतून बोलावणे आले. कपडे अंगावर नीट बसवून द्यायचे काम होते. तिथे एक उंच मुलगी दिव्यांच्या झोतात उभी होती. अंगावर कपडे थोडे, पण तेवढेही मागून ओढून चिमट्यांची रांग लावून बसवलेले. मावशीने तिचे माप घेतले. चांगली धडधाकट, चारचौघींसारखी कंबर होती. ती मी मोजली आहे. तिचे अंग थरथरत होते. ती हळूच म्हणाली, "मावशी, पाणी आहे का हो?" फोटोवाला तिकडूनच ओरडला, "फोटो झाल्यावर. आत्ता पोट दिसेल."

मावशीने विचारले, "जाहिरात कसली आहे म्हणे?"

"फरशीची."

"मग फरशी कुठाय यात?"

"फरशी कोण बघतंय, मावशी?" तो म्हणाला आणि सगळे हसले.

शेजारी एक जण संगणकावर आधीचा फोटो उघडून बसला होता. त्याने दोन्हीकडून त्या मुलीची कंबर आत ढकलली. एकदा, दोनदा, तीनदा. मावशी बघतच राहिली. "अगं बाई, आतडी कुठं ठेवली हिची?" ती पुटपुटली. पुन्हा हशा पिकला.

घरी आल्यावर गुंडीने विचारले, "काय काम होतं गं आई?"

"काही नाही, कपड्यांचं," मावशी म्हणाली आणि विषय तिथेच संपवला. असल्या कपड्यांबद्दल वयात आलेल्या मुलीशी काय बोलायचे, असे तिला वाटले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्याच वेळी सगळे बोलून टाकले असते. पण मला फक्त आकडे दिले आहेत, जीभ दिलेली नाही.

पंधरा दिवसांनी आमच्या खिडकीसमोरच्या इमारतीवर तोच फोटो चढला. तीन मजले उंच. ओठ अर्धवट उघडे, अंग वाकवलेले, कंबर मुठीत मावेल एवढी आणि पायाशी कोपऱ्यात चार फरश्या. मावशीने खिडकीला पडदा लावला. पडदा पातळ होता. शिवाय शाळेची वाट फोटोखालूनच जायची, तिथे पडदा कोण लावणार?

त्या वळणावर शाळेतली मुले बसची वाट पाहत थांबायची. पूर्वी ती एकमेकांची दप्तरे उडवायची. आता त्यांनी नवा खेळ काढला. येणाऱ्या जाणाऱ्या मुलीकडे बघायचे, मग वर फोटोकडे, आणि मोठ्याने टक्के सांगायचे. फरशीवालीच्या किती टक्के? हे मला कसे कळले, तर एक दिवस गुंडी घरी आली आणि आरशासमोर उभी राहून स्वतःशीच म्हणाली, "चाळीस टक्के." ते टक्के ज्याने दिले तो पाचवीपासून तिचा कंपास मागून घ्यायचा आणि तिच्या डब्यात हात घालायचा. मुले जन्मतः वाईट नव्हती. त्यांना रोज एकच चित्र दाखवले होते आणि बाईकडे असेच बघायचे असते, असे न बोलता शिकवले होते. फोनवरही तसलीच चित्रे. एक पाहिले की मागून दहा येत. त्यातच कुठेतरी गुंडीला 'सुंदर' कंबरेचा एक आकडा सापडला.

मग एका दुपारी, मावशी कपडे पोचवायला बाहेर गेलेली असताना, गुंडीने मला खुंटीवरून काढले. पहिल्यांदाच तिचा हात मला लागला. तिने मला कंबरेभोवती गुंडाळले, श्वास ओढून धरला आणि आकडा पाहिला. तो आकडा एक इंच जास्त होता. तिच्या चेहऱ्यावर जे आले ते बघून मला स्वतःचीच शिसारी आली. तिने मापांची वही काढली आणि गल्लीतल्या मुलींची मापे शोधली. ती सगळी खरी होती, मावशीने इंच वजा करून लिहिलेली. त्यामुळे जिथे बघावे तिथे गुंडीच जास्त. तिने दप्तरातून एक छोटी वही काढून आपला आकडा लिहिला आणि मला जागेवर ठेवले.

त्यानंतर मावशीचा डोळा चुकवून ती रोज माझ्याकडे यायची. तिची भिंगरी थांबली. डबा रिकामा यायचा, पण तो कोण खात होते ते देव जाणे. घरी म्हणायची, "मैत्रिणीकडे खाल्लं." गाल बसले, हात नेहमी गार, केस फणीत येऊ लागले. मावशीला दिसत नव्हते असे नाही. पण एका गिऱ्हाईक बाईने गुंडीला पाहून टाळीच वाजवली. "अय्या, किती छान बारीक झालीय! मावशी, आमच्या लठ्ठ लेकीलाही काहीतरी सांगायला सांगा हो हिला." मावशी हसली. आणि गुंडीचे बाबा घरी आले तेव्हा म्हणाले, "वाढीचं वय आहे, उंच होतेय." जो तो आपल्या सोयीचे बघत होता.

एके दिवशी गुंडी त्या 'सुंदर' आकड्याला पोचली. मित्रांनो, त्या दिवशी ती थांबलीही असती. पण मी तिला सांगितले, अजून एक इंच. मी सांगितले. माझ्यावर तसे छापले होते.

पुढच्या आठवड्यात ती शाळेच्या जिन्यात कोसळली. निरोप आला तेव्हा मावशी ब्लाउज बेतत होती. ती तशीच धावली आणि मी तिच्या गळ्यात तशीच राहिले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारले, "किती दिवस जेवत नाहीये ही? हृदयावर ताण आलाय हिच्या."

"जेवते की," मावशी म्हणाली. "डबा रोज रिकामा येतो."

डॉक्टरीणबाईंनी दप्तरात सापडलेली छोटी वही तिच्या हातात दिली. मावशीने पाने उलटली. चार महिन्यांच्या तारखा आणि आकडे. नुसत्या नजरेने कंबरेचे माप सांगणे तिला नवे नव्हते. तिने पलंगावरच्या पोरीकडे पाहिले, पुन्हा वहीतल्या शेवटच्या आकड्याकडे पाहिले, तो इंचभर जास्त होता, आणि तिचा हात माझ्या शिवलेल्या टोकावर आला.

"गुंडे, ही मापं कुठल्या टेपनं घेतलीस?"

"तुझ्याच."

"अगं, हिला पहिला इंच नाहीये! कधीच कापला गेला तो. मी एक वजा करून लिहिते."

मला वाटले, आता ती रडेल. मला शिव्या देईल, फेकून देईल. मी तयार होते. गुंडीने माझ्याकडे पाहिले आणि तिच्या कोरड्या ओठांवर हसू आले. "म्हणजे मी एक इंच कमीच आहे?" ती म्हणाली. "बरं झालं."

ते हसू पाहून मावशी पलंगाच्या कडेवर बसली. मग तिने सगळे सांगितले. चिमटे, पाणी मागणारी मुलगी, आत ढकललेली कंबर. "ती कंबर कुणाचीच नाहीये, बाळा. त्या मुलीचीसुद्धा नाही. मी मोजलीय."

गुंडीचे हसू गेले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"चार महिने समोर होतं ते. तू रोज खिडकीत बसायचीस."

"मला वाटलं, असल्या चित्राचं तुझ्याशी काय बोलायचं..."

"बाकी सगळे बोलत होते, आई," गुंडी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

त्याला आता वर्ष होईल. गुंडी घरी आहे, शाळेचे वर्ष गेले. काही दिवस जेवते, काही दिवस ताट तसेच राहते. हृदय कितपत सावरेल ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत, "बघू" म्हणतात. मावशी आता लेकीचे माप घेत नाही, तिचे कपडे अंदाजाने शिवते. शिलाईच्या आत उसवून सैल करता येईल असे जास्तीचे कापड ठेवतात ना, त्याला आम्ही माया म्हणतो. मावशी गुंडीच्या प्रत्येक सदऱ्यात दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटे माया सोडते. अजून एकही शिलाई उसवावी लागलेली नाही.

समोरचा फोटो बदलला. आता दुसरी मुलगी आहे, पाण्याच्या टाकीच्या जाहिरातीत, तशीच वाकलेली. मला मावशीने कामातून काढले, पण फेकले नाही. शिवणयंत्रासमोर खिळ्याला टांगले आहे. "मला दिसायला हवी ती," असे ती म्हणाली. तिच्या गळ्यात आता नवी टेप असते, साठ इंच, चोख.

काल एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. समोरचे दुधाचे दात पडलेली चिमुरडी. मावशीने नवी टेप तिच्याभोवती नेली मात्र, त्या पोरीने पोट आत ओढले, श्वास रोखला आणि मान वळवून खिडकीबाहेरच्या त्या टाकीवालीकडे पाहिले. पोरीची आई कौतुकाने हसली. मावशी हसली नाही. ती गुडघ्यांवर बसली, टेपखाली दोन बोटे सरकवली आणि म्हणाली, "बाळा, ती बाई खरी नाहीये. मी सांगते तुला तिला कसं बनवतात ते. आधी श्वास सोड."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी असा श्वास धरून उभे असेल. त्याच्याशी बोला, आजच बोला. आणि तो तुम्हीच असाल, तर माझ्यासारख्या खोटारड्या टेपचे एवढे एक खरे ऐका. श्वास सोडा.

त्या चिमुरडीने मात्र काल शेवटपर्यंत सोडला नाही.