यादव मास्तरांनी लावलेली चाल

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मित्रांनो, नाशिकला गंगापूर रस्त्याकडच्या एका शाळेत, गुंडाळलेल्या नकाशांमागे माझा मुक्काम असतो. भात्याला उंदरांनी भोक पाडलं आहे आणि मधल्या काही पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहतात. पण एके काळी माझा तोरा पाहण्यासारखा होता.

सन तेहेतिसात नजीर मिस्तरींनी मला सागवानात घडवलं. सूर मुंबईहून आणले, पण एकेक सूर कानाशी धरून जुळवला तो त्यांनीच. मला न्यायला यादव मास्तर आले तेव्हा मिस्तरी म्हणाले, "मास्तर, ओल लागू देऊ नका हिला. बाकी कसलीही चाल लावा, नाही म्हणायची नाही." हे ऐकून मी अशी फुगले म्हणता! आता मात्र तेच शब्द आठवले की खाली मान घालावीशी वाटते.

यादव मास्तर मराठी शिकवत. कविता आधी माझ्यावर म्हणून दाखवत, मग खडू घेऊन तिचे लघु-गुरू मांडत. वृत्त, अलंकार, रस, तासाभरात सगळं उलगडून मोकळे. मुलं खूश, इन्स्पेक्टर खूश, आणि माझं तर विचारूच नका.

एका हिवाळ्यात स्नेहसंमेलनासाठी कविता मागवल्या होत्या. निवडलेली कविता सगळ्या शाळेसमोर म्हटली जाणार होती. त्यात एक बिननावाची आली. कुणाची तरी लेक वारल्याची कविता होती. मास्तर म्हणाले, हिची पारख वर्गातच करू. त्यांनी फळ्यावर तिची एक ओळ लिहिली:

आता अंतरपाट दूर न सरे, तू त्या तिरी, मी इथे

"वृत्त कोणतं?"

"शार्दूलविक्रीडित!" सगळा वर्ग ओरडला.

"शाब्बास. गण चोख, यती जागच्या जागी. कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही. पण रस कोणता? करुण! मग मंदाक्रांता सोडून हे भारदस्त वृत्त कशाला? आणि मयताला अंतरपाट कोण धरतं? बाळांनो, हे कविराज मांडव चुकले!"

पोरं खदखदली. हशा पिकला की मास्तरांना चेव यायचा. "हे वृत्त तुम्ही कुठं ऐकता, सांगू?" म्हणत त्यांनी मला पुढं ओढलं आणि मंगलाष्टकांची चाल धरली. कविता त्या चालीत चपखल बसली. मीही ठसक्यात वाजले. पहिल्या बाकावरच्या भिकानं खडूचे तुकडे अक्षतांसारखे उधळले आणि "सावधान!" म्हणून आरोळी ठोकली. मग काय, सगळा वर्गच उधळू लागला.

तेवढ्यात दारात देवराम मास्तर दिसले. ते शेजारच्या वर्गात गणित शिकवत.

"या, या! लग्नाला या!" यादव मास्तर हसत म्हणाले.

देवराम मास्तरांची लेक झुंबर मागच्याच मार्गशीर्षात, लग्न तोंडावर आलेलं असताना तापानं गेली होती. शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. यादव मास्तर तर तिला पोचवायलाही गेले होते.

खडूचा एक तुकडा देवराम मास्तरांच्या कोटावर येऊन पडला. त्यांनी तो झटकला नाही.

"चाल बरोबर लावलीत," ते म्हणाले. "तिच्या लग्नासाठीच मंगलाष्टकं रचायला घेतली होती. सुरुवातीची कडवी झाली, आणि ती गेली. मग उरलेली त्याच चालीत पुरी केली."

एवढं बोलून ते आपल्या वर्गावर गेले. यादव मास्तरांचा हात भात्यावरच राहिला. माझा सूर घरंगळत, चिरकत थांबला. मास्तरांचं तोंड शरमेनं काळंठिक्कर पडलं होतं. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळा सुटल्यावर मास्तर मला घेऊन देवराम मास्तरांच्या घरी गेले. झुंबरची आई, भागीबाई, पाणी ठेवून दाराशी उभ्या राहिल्या.

"माझं चुकलं," यादव मास्तर कसेबसे म्हणाले. "मला माफ करा. संमेलनात हीच कविता होईल. मी स्वतः म्हणेन. एक पोर हसणार नाही."

"ती मंगलाष्टकं एकदा चारचौघांत म्हटली जावीत, एवढंच मनात होतं," देवराम मास्तर म्हणाले.

"म्हणूनच तर..."

"मंगलाष्टकं एकदाच म्हणतात, मास्तर. ती झाली म्हणून, आज तुमच्या वर्गात."

भागीबाई डोळ्याला पदर लावून आत गेल्या. यादव मास्तर मला उचलून परत निघाले. नंतर त्यांनी मला कधी उघडलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू पुसून, झाकून ठेवा, एवढी विनंती आहेच. पण कुणाचं दुःख शब्दांत बांधून तुमच्या हाती आलं, तर त्याची मोजदाद करण्याआधी एवढं मनात आणा की ते माणूस भिंतीपलीकडे उभं असेल.