उरल्यासुरल्याची मालकीण

"ते गेले," मागच्या दारात हात पुसत उभ्या असलेल्या बाईने सांगितलं. "महिना होत आला. मी त्यांची बायको. तुम्ही कोण?"

ती इथल्या आचाऱ्याची चौकशी करायला आली होती. इस्पितळाच्या या कँटीनचं स्वयंपाकघर ॲपवर बरेच दिवस बंद दिसत होतं. "काढून टाकू का?" असं ऑफिसातल्या इंजिनिअरने सहज विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "थांब, मी बघून येते."

ॲप तिनेच उभं केलेलं. कुठे अन्न उरलंय आणि कुठे माणसं उपाशी आहेत, याची गाठ ते आपोआप घालून द्यायचं. त्याआधी हा सगळा खटाटोप ती एकटी फोनवर करायची. दुपारी इथल्या आचाऱ्याला फोन लावला की तो ओरडायचा, "बोला, उरल्यासुरल्याची मालकीण! भात आहे, भाजीचा मात्र फडशा पडला." मग त्याचे गुडघे, तिचा खोकला, त्याच्या जावयाचा ताठा, असं काहीबाही. ॲप आलं आणि आचारी नुसतं बटण दाबू लागला. अन्न नेणाऱ्या गाड्या वाढल्या, अन्न वाया जाईना. तिचा फोन मात्र दिवसच्या दिवस मुका पडून राहू लागला. घरी बोलायला कुणी नव्हतंच.

"मी त्यांना दुपारी फोन करायचे," ती म्हणाली. "उरलेल्या अन्नासाठी."

"अगंबाई, म्हणजे मालकीण तुम्ही?" बाईने तिला नीट न्याहाळलं. "जेवायला बसले की म्हणायचे, मालकिणीचा फोन हल्ली येत नाही. मला वाटायचं, कँटीनची मालकीण असेल. रागावली असेल."

"रागावले नव्हते हो. फोन करायचं कामच पडेना."

"हं." बाईने पातेल्यावरचं झाकण उगाच सारखं केलं. "आता त्यांच्या जागी मीच रांधते. अंदाज चुकतो, खूप उरतं. ते बटणाचं काही मला जमत नाही."

शिकवायला म्हणून तिने पर्समधून फोन काढला आणि तसाच परत ठेवला. "राहू दे बटण. मीच फोन करत जाईन."

"करा. पण मला त्यांच्यासारखं बोलता नाही येत."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आचाऱ्याचाच नंबर लावला.

"भात आहे," पलीकडून बाई म्हणाली.

"बरं. गाडी पाठवते."

बोलणं एवढ्यावर संपलं. फोन मात्र दोघींपैकी कुणीच ठेवला नाही. पलीकडे नळ वाहत होता, भांडी आदळत होती. ती कानाला फोन लावून ऐकत राहिली.