टाकीवाल्याची घरपट्टी

गावात मला टाकीवाला मुस्तफा म्हणतात. रत्नागिरीच्या खाडीकाठी आमचं गाव. तिथली पाण्याची टाकी मी ओमानमधल्या इब्री शहरातल्या माझ्या किराणा दुकानाच्या कमाईतून बांधून दिली आणि तिच्यावर माझं नाव रंगवलंय. नको म्हणालो नाही, खोटं कशाला बोलू!

तीन वर्षांपूर्वी सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि माझी बायको सबीहा निवडून आली. मला वाटलं, मीच आलो. प्रत्येक ग्रामसभेआधी फोनवरून काय करायचं ते मी सांगायचो, ती "हो" म्हणायची. गटारं झाली, शाळेत वीज आली. निधी सरकारचा आणि डोकं माझं, असं मी इथे चारचौघांत सांगायचो.

परवा शुक्रवारी नमाजनंतर जेवायला बसलो आणि तिचा फोन आला.

"ऐकताय ना? कलेक्टरनी मला अपात्र ठरवलंय. पद गेलं."

घास हातातच राहिला. "बदरुद्दीनने केलं ना हे?" त्याची बायको सबीहाविरुद्ध पडली होती.

"तक्रार त्याची. चूक आपली. घरपट्टी थकली होती."

"किती?"

"अठराशे चाळीस रुपये."

मी हसलोच. आणि मग आठवलं.

गेल्या वर्षी बिल आल्याचं तिने सांगितलं होतं. घर आम्हा दोघांच्या नावावर. तीन महिन्यांत भरलं नाही तर पद जातं, हेही सांगितलं होतं. मी भडकलो होतो. "चार लाखांची टाकी दिली मी! माझ्याकडे पट्टी मागायला पंचायतीला लाज नाही वाटत? एक पैसा भरायचा नाही. भरलास तर माझ्याशी गाठ आहे!" आणि फोन आपटला होता.

हाच मी इथल्या बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, दुकानाची फी मुदतीच्या आठ दिवस आधी भरतो. त्यांचा इन्स्पेक्टर दारात दिसला तरी छातीत धडधडतं. गावाला मात्र माझी देणगी म्हणजेच माझा कर, असं धरून बसलो होतो. एवढा गाढव मी असेन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

"आत्ता पैसे पाठवतो," मी म्हणालो. "अपील करू. मुंबईचा वकील देतो."

"पैसे भरले मी. मुदत गेल्यावर काय उपयोग?"

"मग तेव्हाच गुपचूप भरायचे होतेस गं!"

पलीकडे पंचायतीचा शिपाई तिच्याकडे कपाटाच्या किल्ल्या मागत होता.

"तीन वर्षांत तुमचं एकही ऐकलं नाही मी, म्हणून गाव चाललं," ती म्हणाली. "हे एक ऐकलं. वाटलं, घराची गोष्ट आहे, घरात तरी तुमचा मान राहू दे."