शेवाळाचं वाळवण

"या टाक्यांमधून उद्याचं औषधशास्त्र उगवणार आहे," अमरसिंह पुण्याच्या पाहुण्यांना सांगत होता. टाक्यांमधून त्या क्षणी काहीच उगवत नव्हतं. त्या घासून, पुसून, उन्हात उपड्या घातलेल्या होत्या.

बायनाबाई शेडच्या दाराशी पदराखाली सूप झाकून उभी होती. शेवाळ सांभाळायचं काम तिचं. ढवळायचं, गाळायचं आणि "घाण पाळली व्हय गं?" या दिंद्रुड गावच्या लोकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. पाहुण्यांना पटून त्यांनी पैसे घातले तर तिला कायम करतो, असं अमरसिंहनं कबूल केलं होतं. कायम म्हणजे यंदा ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचं नाही. हे ऐकल्यापासून तिला धड बसवत नव्हतं. आणि बसवत नसलं की ती काम काढते.

शेडमध्ये जाड लोखंडी भांडं होतं, शेजारी गॅसची टाकी. यंत्र चालवायला अंबाजोगाईहून फ्रिज दुरुस्त करणारा जाकीर आणला होता. गॅसच्या दाबाला न घाबरणारा दुसरा कुणी मिळाला नाही.

"दाबाखाली हा गॅस पाण्यासारखा पातळ होतो," अमरसिंह म्हणाला. "शेवाळातून फिरतो, रंग आणि तेल ओढून घेतो. दाब काढला की गॅस उडून जातो, अर्क खाली राहतो. आणि खरी गंमत म्हणजे शेवाळ ओलंच घालायचं. वाळवायची कटकट नाही. उन्हात तर रंग मरतोच. बायनाबाई, आणा बरं माल."

बायनाबाईनं सुपावरचा पदर बाजूला केला. आत कुरडयांसारखे कुरकुरीत, फिकुटलेले तुकडे होते.

"लुगड्यात पिळून पत्र्यावर घातलंवतं," ती म्हणाली. "कडक वाळलंय. वरीसभर काय होत न्हाई त्याला."

पाहुण्यांतल्या एका बाईंनी तुकडा उचलला, वास घेतला आणि परत ठेवला.

"समदं?" जाकीरनं हळूच विचारलं.

"समदं. पाव्हण्याफुडं चिखल ठिवायचा व्हय?"

"मला इचारायचं तरी, मावशी."

"तुमी सकाळधरनं त्याच त्या नळ्या पुसायलाव. मी इचारलं का, कावून पुसता म्हून?"

अमरसिंहनं तुकडे भिजवून घालायला सांगितलं. जाकीरनं भिजवून घातले. काटा चढला, तसे पाहुणे एकेक पाऊल मागे सरकले. पुढे दाब सुटला, फुस्स झालं, भांड्यावर बाहेरून दव धरलं. जाकीरनं खालची बाटली उजेडात धरली. तळाशी फिक्कट पिवळं काहीतरी होतं. होतं असं म्हणायला बाटली तिरपी करावी लागत होती.

"गॅस मात्र बराबर गेला," तो म्हणाला.

नवं शेवाळ धरायला पंधरवडा लागणार होता. पाहुण्यांना संध्याकाळपर्यंत पुण्याला पोचायचं होतं. त्यांनी चहा घेतला, "कळवतो" म्हणाले. गाडी गेल्यावर अमरसिंह बायनाबाईवर ओरडला नाही. नुसतं "बघू" म्हणाला. त्यानं ओरडावं म्हणून ती बराच वेळ शेड झाडत राहिली.

"पत्र्यावरचं लुगडं काढा, मावशी, उडून जाईल," जाकीर म्हणाला. तेव्हा ती शिडी चढली.

दिवाळीनंतर टोळीचा ट्रॅक्टर आला. बायनाबाईनं भांडी त्याच लुगड्यात बांधली होती. पुष्कळदा धुऊनही त्याचा हिरवा रंग गेलेला नव्हता.