माझ्यावरचा नारळ

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा एक साचा आहे. वय जेमतेम चार वर्षं; पण पुठ्ठ्याच्या मानाने मी म्हातारा झालोय, माझे कोपरे दुमडलेत. ज्यांना दिसत नाही त्यांना कोणाच्या मदतीशिवाय, गुपचूप मत देता यावं, म्हणून माझा जन्म झाला. मतपत्रिका माझ्या पोटात सरकवायची. माझ्या उजव्या कडेला एकाखाली एक पाच भोकं आहेत आणि प्रत्येक भोकाशेजारी बोटांना लागेल असं उठावाचं चिन्ह: मासा, नारळ, होडी, दिवा, ढोल. हवं ते चिन्ह चाचपायचं आणि शेजारच्या भोकात फुली मारायची.

माझा जन्म न्यूझीलंडमधल्या 'ते रापा' नावाच्या गावी, दुधाच्या भुकटीची खोकी बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात. माझ्याबरोबर सहाशे भावंडं कापली गेली. आम्हाला मोठा तोरा होता. खोक्यांच्या नशिबी भुकटी, आणि आमच्या नशिबी लांबचा एक बेटांचा देश! तिथे बावीस वर्षं एका सेनापतीने राज्य केलं होतं. ते राज्य गेलं आणि आता पहिल्यांदाच खरी निवडणूक व्हायची होती. निवडणूक नीट कशी घ्यायची, यासाठी त्या देशाने न्यूझीलंडकडे मदत मागितली आणि त्यातलं साच्यांचं काम विनिताकडे आलं.

विनिता पुण्याहून शिकायला आली आणि इथलीच झाली. राहते जॉन्सनव्हिलला, आणि रोज ट्रेनने वेलिंग्टनला अशाच कामाच्या ऑफिसात जाते. माझं चित्र तिनेच काढलं. नमुना म्हणून मी तिच्या घरी आलो आणि जेवणाच्या टेबलावर माझी परीक्षा झाली. परीक्षक होते तिचे सासरे, मोरेश्वर. काचबिंदूमुळे त्यांना आता उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नाही. थंडीत मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, चढवून ते गरम हवेच्या हीटपंपाखाली बसतात. नोकरीत असताना त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यात अकरा निवडणुका पार पाडल्या, आणि ही गोष्ट ते घरात कोणालाही विसरू देत नाहीत.

"चिन्हं छान लागतात गं हाताला," ते म्हणाले. "पण खरी मतपत्रिका कुठाय?"

"ती छापतायत अजून, बाबा. नावांची ऑर्डर फिक्स आहे, मला पीडीएफ आलीय."

"वस्तू हातात आल्याशिवाय मी कधी सही केली नाही."

"उद्या फ्लाइट आहे सगळ्या मालाची. थांबता येत नाही हो."

तिने सही केली. भावंडं विमानाने गेली. मला मात्र ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटला.

मतदानाला नऊ दिवस उरले होते तेव्हा कुरिअरने खऱ्या मतपत्रिकेचे चार नमुने आले. विनिताने एक माझ्या पोटात सरकवला आणि मला बाबांपुढे ठेवलं. त्यांनी बोटं फिरवली, तिसऱ्या भोकाशी थांबले आणि फुली मारली.

"होडीला दिलं बघ."

विनिताने कागद बाहेर ओढला. फुली दिव्यासमोर होती.

मित्रांनो, मला केवढा धक्का बसला! माझी भोकं सरळ होती, चिन्हं ठळक होती, कुठे काही फाटलं नव्हतं. आणि तरी मी खोटं बोलत होतो, तेही अशा माणसाशी, ज्याला ते खोटं पकडता येणार नव्हतं. झालं होतं असं, की नारळवाल्या उमेदवाराने माघार घेतली होती. मतपत्रिकेवरून त्याची ओळ काढून टाकली आणि खालचे सगळे एकेक घर वर सरकले. माझ्यावर मात्र नारळ तसाच. त्यामुळे होडीच्या भोकाखाली आता दिवा येत होता. आणि दिवा हे सेनापतीच्या पक्षाचं चिन्ह होतं.

विनिताने सुमेधला फोन लावला. सुमेध तिचा ऑकलंडच्या ऑफिसातला सहकारी, पण तेव्हा त्या देशाच्या राजधानीतच होता. तिने आधी "चूक माझी आहे" असं म्हटलं आणि मग उपाय सांगितला: चिन्हांची पट्टी कापायची, नारळ काढायचा, बाकीची चिन्हं वर सरकवून चिकटवायची. चार दिवस तिथे माणसं कात्री आणि गोंद घेऊन बसली. पण बारा साचे आधीच होडीने लांबच्या बेटांवर गेले होते. तिथल्या केंद्रांना रेडिओवरून निरोप दिला. बाराही ठिकाणांहून उत्तर आलं, "समजलं."

"समजलं म्हणाले," मोरेश्वर म्हणाले. "कापलं म्हणाले का?"

"बाबा, प्लीज. चार रात्री झोपले नाहीये मी."

ते गप्प बसले. त्यांनी गप्प बसायला नको होतं, असं मला अजून वाटतं.

निवडणूक शांततेत पार पडली. होडीचा पक्ष जिंकला. ऑफिसातून शाबासकीची पत्रं आली, कोणीतरी केक आणला. मग सुमेधने एक फोटो पाठवला. एक म्हातारा अंध कोळी माझ्या एका भावंडाला दोन्ही हातांनी उंच धरून हसत होता. विनिता खालचा मजकूर बाबांना वाचून दाखवू लागली.

"याचा मुलगा सेनापतीच्या तुरुंगात गेला तो परत आला नाही. आजवर याचं मत दुसरंच कोणीतरी द्यायचं. या वेळी स्वतः दिलं, आणि आनंदाने सगळ्या बेटाला सांगत सुटलाय, होडीला दिलं म्हणून."

तिने फोटो मोठा करून पाहिला.

"काय गं?"

"बाबा, त्याच्या हातातल्या साच्यावर नारळ आहे."

मी ड्रॉवरमध्ये आणि तो माझा सख्खा भाऊ तिकडे. ज्यांनी मुलगा नेला त्यांनाच बापाचं मत गेलं होतं, आणि बाप हसत होता.

सुमेध फोनवर म्हणाला, "विनिताताई, बाकी अकरा साचे कापलेले होते. एका मताने रिझल्ट बदलत नाही. तो हॅपी आहे. कशाला सांगायचं?"

विनिताने सासऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "त्याला दिसत नाही म्हणून आपण लपवायचं?"

दोन दिवसांनी सुमेध होडीने त्या बेटावर गेला आणि फोन त्या म्हाताऱ्यासमोर धरला. विनिता बोलत गेली, सुमेध त्याच्या भाषेत सांगत गेला. मग म्हाताऱ्याने विचारलं, ते मत परत काढता येईल का. विनिता म्हणाली, नाही. पेटीतल्या कागदांवर नाव नसतं, तुमचा कोणता ते कोणालाच कळणार नाही. ती रडत होती.

"माझ्या मुलाला मी काय सांगू?" तो म्हणाला. मग त्याने बजावलं, "पुढच्या वेळी साचा आधी माझ्या हातात द्या. खऱ्या कागदासकट."

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन दुसऱ्यांसाठी काही ना काही बनवाल. ते ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात आधी द्या, आणि "समजलं" एवढ्यावर निर्धास्त राहू नका. मला फेकून देऊ नका, असंही मी विनिताला मनातल्या मनात विनवतो. माझ्यावरचा नारळ कोणीतरी अधूनमधून चाचपून पाहायला हवा.

आता त्या देशात पुन्हा निवडणूक आली आहे. गेल्या आठवड्यात ते रापाहून नवा साचा आला, चार चिन्हांचा. मोरेश्वरांनी तो तपासला आणि ठीक आहे म्हणाले. विनिताने तो खऱ्या मतपत्रिकेबरोबर पाकिटात घातला आणि वर त्या कोळ्याचं नाव लिहिलं. मंजुरीचा कागद माझ्याशेजारी ड्रॉवरमध्ये पडला आहे. बेटावरून उत्तर येईपर्यंत त्यावरची सहीची जागा कोरीच राहणार आहे.